अक्का आणि धुळ्याची पेटी

पेटी भरून झाली की अक्का तिच्यावर बसायची. अंगाने काटकुळी, त्यामुळे झाकण काही लागायचं नाही. मग ती आम्हा पोरींपैकी एकीला हाताने ओढून शेजारी बसवायची. कडी खट्कन लागली की लगेच उठायचं नाही, असा तिचा नियम होता. दोन मिनिटं तशीच बसून राहायची, पेटीवर हात फिरवायची, आणि मग जो गावाला जाणार त्याला म्हणायची, "उघाड आते. एकदाव तूच काढ, तूच भर." माणूस वैतागायचा. एस.टी. भडगावहून सुटायला तासभर राहिलेला, आणि ही भरलेली पेटी उपसायला लावतेय! पण तिचं म्हणणं असं, की जो स्वतः भरत नाही त्याला परक्या ठिकाणी आपलीच वस्तू सापडत नाही.

अक्का म्हणजे आमच्या आबांची थोरली बहीण, माझी आत्या. गिरणाकाठचं आमचं गाव भडगावपासून दोन कोसांवर. गावात कुणी बाळंतपणाला माहेरी निघालं, कुणाची पोरगी सासरी चालली, कुणी शिक्षकाच्या नोकरीवर पिंपळनेरकडे रुजू व्हायला निघालं, की अक्काला बोलावणं यायचं. ती पदर खोचून जायची आणि पेटी भरून द्यायची. तिची एक रीत ठरलेली होती. "पहिल्या रातले जे लागी, ते बठ्ठं वर." नेसायचं लुगडं, तांब्या, अंथरायची चादर, भाकरीचं फडकं, सगळं वर. परक्या घरात पहिल्या रात्री पेटी उपसत बसलं की माणसाला रडू येतं, आणि एकदा रडू आलं की ते आठ दिवस थांबत नाही, असा तिचा सिद्धांत. आणि निघताना माणसाच्या हातात काहीतरी द्यायचंच. लिंबू, बिबड्यांची म्हणजे ज्वारीच्या पापडांची पुरचुंडी, काहीही. "जानारना हात रिकामा ठेवाना नही," म्हणायची. हात रिकामा असला की तो डोळ्यांकडे जातो.

ती स्वतः मात्र कुठे गेली नाही. म्हणजे एकदा गेली होती. तेराव्या वर्षी पिंपळनेरला दिली होती तिला. तीन वर्षांत नवरा वारला आणि ती परत आली, तेव्हा पेटी सासरीच राहिली. हातात एक गाठोडं होतं, असं आजी सांगायची. त्याआधी ती चौथीत पहिली आली होती. मास्तर दोनदा घरी येऊन गेले, पोरीला भडगावच्या शाळेत घाला म्हणून. आजोबांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. मास्तरांचं हे तिने मला कधी सांगितलं नाही. सांगितलं ते आबांनी, आणि तेही अक्का गेल्यानंतर.

मी, सुनी, लहानपणापासून अक्काची शेपटी. तिच्या गादीवर झोपायचे, तिच्या ताटात जेवायचे. नानाकाकांची निर्मला माझ्याच वयाची, एकाच घरात वाढलेली, पण अक्काच्या कुशीत झोपायचा हक्क माझा. निर्मला एकदा मध्ये शिरली तर मी तिला चिमटा काढून हाकलली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मी मुळात गरीब गाय होते असा कुणाचा समज व्हायला नको.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. निर्मला आणि मी दोघी बारावी पास झालो. दोघींनी धुळ्याच्या कॉलेजात अर्ज केला, दोघींनी तिथल्या मुलींच्या हॉस्टेलचा फॉर्म भरला. आबांनी आधीच बजावलं होतं, खोली भाड्याने घेऊन पोरी ठेवायच्या नाहीत. हॉस्टेल मिळालं तर शिका, नाहीतर नशिराबादचं स्थळ आहेच. ते स्थळ माझ्यासाठी आलेलं. मुलगा केळीच्या बागायतदाराचा, एकुलता एक. माझी आई त्याच्या घरची गाय किती दूध देते हेसुद्धा सांगायची. आणि मग एक दिवस हॉस्टेलची यादी लागली. निर्मलाचं नाव यादीत, माझं नाव प्रतीक्षा यादीत. तिला माझ्यापेक्षा सात मार्क जास्त होते. सात! मराठीच्या पेपरात माझी एक पुरवणी सुटली होती, ती नीट बांधली असती तर हे उलटं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मला हेवा वाटला असं म्हणणं फार सभ्यपणाचं होईल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निर्मला समोरून गेली तरी मला धूर दिसायचा. ती काही बोलायची नाही, उलट माझ्यापुढे जरा चोरट्यासारखी वागायची, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. हॉस्टेलकडून छापील कागद आला होता, 'सोबत आणावयाच्या वस्तू'. गादी, उशी, चादरी दोन, बादली, तांब्या, ताट-वाटी, कुलूप दोन किल्ल्यांसह. निर्मला तो कागद घडी घालून परकराच्या खिशात ठेवायची. मी तो इतक्यांदा चोरून वाचला होता की पाठ झाला होता.

पण खरं जे लागलं ते अक्काचं. अक्का निर्मलाच्या तयारीत अशी बुडाली की तिला माझं भानच राहिलं नाही. भडगावहून नवी पत्र्याची पेटी आणवली. बाजारपेठेतल्या पेंटरकडून तिच्यावर पांढऱ्या रंगात निर्मलाचं पूर्ण नाव घालून घेतलं. बिबड्या तळून बघितल्या, जून झालेल्या बाजूला काढल्या. ठेचा असा केला की तीन महिने टिकावा. संध्याकाळी ओट्यावर बसून ती निर्मलाला हॉस्टेलबद्दल विचारायची. एका खोलीत किती जणी? पाणी किती वाजता? अभ्यासाला वेगळी खोली असते म्हणे, खरं का? निर्मलाला तरी कुठे माहीत होतं! ती आपली अंदाजाने सांगायची आणि अक्का मान हलवत ऐकायची. मी शेजारीच भाजी निवडत बसलेली असायचे. एकदाही मला विचारलं नाही, की सुने, तुझं काय गं? माझ्या अक्काला हिने पळवलं, आणि वर माझं धुळंही पळवलं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

गादी घरच्या कापसाची करायची ठरली. घरापुरता कापूस कोठीच्या खोलीत ठेवलेला असायचा. दोन पोती होती. एकात निवडलेला, पांढराशुभ्र. दुसऱ्यात कवडी. कवडी म्हणजे अळीने खाल्लेला, पिवळा पडलेला, पालापाचोळा चिकटलेला कापूस. व्यापारी तो मिळेल त्या भावाने नेतात, घरात कुणी वापरत नाही. नानाकाका जिनात जाणार होते, सरकी काढून रुई आणायला, आणि पोतं बैलगाडीपर्यंत आणून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. अक्का त्या दिवशी पलीकडच्या गल्लीत एका नवरीची पेटी भरायला गेली होती. मी कोठीत गेले. दोन पोती बघितली. फार विचार केला असंही नाही. कवडीचं पोतं ओढत नेलं आणि गाडीजवळ ठेवलं. नानाकाका तंबाखू मळत होते, त्यांनी उघडून बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का त्या नवरीच्या पाठवणीला गेली, आणि इकडे पिंजारी आला. त्याच्या धनुकलीचा टणत्कार सुरू झाला आणि पिवळट रुई अंगणात उडायला लागली. त्याने दोन वेळा हात थांबवून मला विचारलं, बेटी, ये माल तो हलका है, यही भरना है क्या? मी त्याला सांगितलं, अक्काने हाच सांगितला आहे. अक्काचं नाव काढलं की गावात पुढे कुणी विचारायचं नाही. त्याने पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात रुई भरली, टाके घातले, आणि संध्याकाळपर्यंत गादी तयार. वरून बघाल तर अगदी दृष्ट लागावी अशी.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? निर्मला धुळ्याच्या खोलीत त्या गादीवर कूस बदलतेय, तिच्या पाठीत सरकीचे तुकडे टोचताहेत, आणि तिला कळत नाहीये का ते, हे मी डोळ्यांपुढे आणून आणून बघत होते. तिला सात मार्क जास्त मिळाले होते. आता ते सात मार्क अंथरून झोप म्हणावं.

पण अक्काची एक खोड मी विसरले होते. परगावी जाणारी गादी ती आधी एक रात्र स्वतः अंथरून बघायची. सकाळी ती उठली ती गादी गुंडाळतच. सगळ्यांसमोर आईला आणि काकूला म्हणाली, "हाई गादी मालेच ऱ्हाऊ द्या. मन्ही कंबरले कडक गादी बरी." आणि स्वतःची गादी उन्हात टाकली, नवी खोळ घातली, आणि निर्मलाच्या सामानात बांधली. तीच गादी, जिच्यावर मी पंधरा वर्षं झोपले होते.

मग तिने मला कोठीत बोलावलं. पांढऱ्या कापसाचं पोतं तिने उघडून ठेवलं होतं. मी दारातच उभी राहिले. ती ओरडेल, आबांना हाक मारेल, असं वाटत होतं. तिने पोत्याचं तोंड पुन्हा सुतळीने बांधलं. बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आग पोटमा ऱ्हाऊ देवानी, सुने. पदरले लागू देवानी नही." बस्स, इतकंच. मला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की शेवटी निर्मलाला अक्काची गादीसुद्धा मिळाली! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी कारस्थान केलं नसतं तर ती गादी माझीच राहिली असती.

निर्मला गेली. अक्का पेटीवर बसली, मला शेजारी बसायला ओढलं, मी हात सोडवून घेतला. शेवटी काकू बसली. निर्मलाच्या हातात अक्काने लिंबू दिलं. एस.टी. निघाली तेव्हा निर्मला खिडकीतून माझ्याकडे बघत होती, आणि मी विजेच्या खांबावरच्या कावळ्याकडे बघत होते.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज पोस्टमन येण्याच्या वेळेला ओट्यावर जाऊन बसायचे. प्रतीक्षा यादीत माझा नंबर दुसरा होता. कुणी दोघी नाही आल्या तर मला पत्र येणार होतं. पोस्टमन यायचा, आबांचं कृषी खात्याचं काहीबाही द्यायचा आणि जायचा. निर्मलाचं पत्र आलं. तिच्या खोलीत चौघी आहेत, खिडकीजवळची खाट तिला मिळाली आहे, जेवणात वरण पातळ असतं. अक्काने ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मी खिडकीजवळच्या खाटेचं वाक्य गाळून वाचलं, तर म्हणाली, मधलं एक राह्यलं. तिला हळूहळू का होईना वाचता येतं, हे मी विसरून गेले होते. इकडे नशिराबादचे लोक श्रावणात बघायला येणार असं ठरलं. आईने माझ्यासाठी पिवळी साडी काढून ठेवली. मी ओट्यावर जाणं सोडलं. परसात मागच्या बाजूला बसायला लागले, तिथून रस्ता दिसायचा नाही.

एक दिवस सकाळी परसातून घरात आले तर अक्का माझी पेटी भरत होती. नवी नव्हे, आईच्या लग्नातली, कोपरा चेपलेली. माझे कपडे, तांब्या, ताट-वाटी. मला वाटलं, नशिराबादची तयारी इतक्यातच? मी विचारलं, कुणाची पेटी? ती म्हणाली, तुझी. आणि कमरेची पिशवी सोडून तिने एक पाकीट माझ्यापुढे धरलं. फोडलेलं होतं. एका कडेला हळदीचं बोट लागलं होतं. हॉस्टेलचं पत्र. माझं नाव, माझा खोली नंबर. अमुक तारखेपर्यंत हजर न झाल्यास जागा पुढील विद्यार्थिनीस देण्यात येईल. ती तारीख उद्याची होती.

पाकिटावरचा भडगावचा शिक्का मी बघितला. मग अक्काकडे बघितलं.

"चार दिन व्हयनात," ती म्हणाली. "मीच ठेयेल व्हतं."

मी काय काय बोलले ते मला आज सांगवत नाही. तू मला विहिरीत ढकलायला निघाली होतीस, तुला मी लग्न करून मेलेली चालले असते, असलं बरंच काही. आई शेतावर होती म्हणून बरं. अक्का उभी राहून ऐकत होती. माझा श्वास संपला तेव्हा ती पेटीच्या कडेवर बसली. झाकण उघडंच होतं.

"बठ्ठ्यासन्या पेट्या मीच भरस," ती म्हणाली. "निमी गई. आते तू बी जाशी. मन्ही पेटी कधी कोणी भरी नही. मन्हा जीव जयना, सुने."

मला पहिल्यांदा कळलंच नाही ती काय म्हणतेय. मला वाटलं ती म्हणेल, तुझ्यावाचून घर खायला उठेल, तुझा लळा लागलाय म्हणून ठेवलं. तसं म्हणाली असती तर मी लगेच गळ्यात पडले असते. पण ती तसं म्हणालीच नाही. पन्नाशी उलटलेली माझी आत्या मला सरळ सांगत होती, की तिला माझा हेवा वाटला. मला निर्मलाचा वाटला होता तसाच. अगदी तस्साच, पिवळा, पाचोळा चिकटलेला. पाच आठवडे तो मी पोटात घेऊन हिंडत होते, त्यामुळे मला तो लांबूनही ओळखू आला असता. मी मात्र इतकी जवळ राहून तिचा ओळखला नव्हता.

ती पुढे म्हणाली, "कवडीनी गोट मी कोणले सांगी नही. हाई गोट तू सांगानी नही."

मी मान हलवली. अळीमिळी गुपचिळी. आणि ती गोष्ट आम्ही दोघींनी पाळली. आज ती नाही, आबा नाहीत, म्हणून लिहिते आहे.

आबांची पेरणी चालली होती. ते म्हणाले, एका दिवसाने काय बिघडतं, परवा नेतो. अक्का म्हणाली, उद्याच, आणि मीच नेते. घरात सगळे बघतच राहिले. जी बाई बाजाराला भडगावला जायचं तर दोन दिवस आढेवेढे घ्यायची, ती धुळ्याला निघाली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली. कवडीची गादी तिने स्वतः वळकटी करून बांधली. दुसरी गादी नव्हती आणि वेळही नव्हता. पारोळ्याला गाडी बदलली तेव्हा पेटी तिने टपावर चढवू दिली नाही, दोघींच्या पायांजवळ ठेवून घेतली. माझा राग गेला नव्हता, पण कुणाचा तरी हात धरून बसावं असंही वाटत होतं, आणि हाताशी तीच होती.

हॉस्टेलच्या दारात निर्मला धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. तिने वेणी नव्या तऱ्हेची घातली होती. दोन मैत्रिणी मागे उभ्या होत्या. मला पुन्हा जरासं टोचलं. काय करणार, जित्याची खोड. रेक्टरबाईंनी पत्र बघितलं, शेवटचाच दिवस होता म्हणाल्या, एवढा उशीर का केला? मी म्हटलं, पत्र उशिरा मिळालं. अक्का भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होती, एकेका शब्दावर बोट ठेवून.

मग रेक्टरबाई आम्हाला खोली दाखवायला निघाल्या. अक्का प्रत्येक दारापाशी थांबत होती. खोलीतल्या लोखंडी खाटेवर तिने तळहात दाबून बघितला. नळ सोडून बघितला. अभ्यासाच्या खोलीत लांब टेबलं होती, पाच-सहा मुली पुस्तकं उघडून बसल्या होत्या, आणि कुणी त्यांना भाकरी टाकायला उठवत नव्हतं. तिथे ती बराच वेळ उभी राहिली. दिवे किती वाजेपर्यंत चालू असतात, असं तिने विचारलं. साडेदहा, रेक्टरबाई म्हणाल्या, आणि कौतुकाने विचारलं, मावशी, तुमचं शिक्षण किती झालं?

"चौथी," अक्का म्हणाली. "पहिला नंबर."

वा, म्हणाल्या बाई. त्या चांगल्या होत्या, मनापासूनच म्हणाल्या. आम्ही परत दाराकडे निघालो. गाडीची वेळ होत आली होती. निर्मलाने अक्काची पिशवी घेतली. अक्का व्हरांड्यात थांबली, पदर सारखा केला, आणि रेक्टरबाईंना म्हणाली, "बाई, आठे ऱ्हावाले वयनी काही अट शे का?"

रेक्टरबाई मोठ्याने हसल्या. निर्मला हसली, तिच्या मैत्रिणी हसल्या. इथे राहायला वयाची अट विचारतात, मावशी भारी आहेत हं, असं कुणीतरी म्हणालं. मी अक्काकडे बघितलं. ती हसत नव्हती. ती उत्तराची वाट बघत होती.